बेट आतून कापायचं असतं

आमच्या घराच्या मागे वहाळाच्या कडेला माणग्याचं, म्हणजे बांबूच्या एका जातीचं, बेट आहे, कुडाळच्या बाजूला बऱ्याच जणांच्या परड्यात असतं तसंच. आजोबांनी लावलेलं. ते गेल्यावर चार-पाच वर्षं त्याच्याकडे कोणी नीट बघितलंच नाही, कोणाला मांडवाला पाहिजेत, कोणाला वईला म्हणजे कुंपणाला पाहिजेत, की आला कोयता घेऊन आणि कडेचे हाताला लागतील ते तोडून गेला, आम्हीपण तेच केलं. मग दोन पावसाळ्यांपूर्वी बघते तर मधे नुसता गुंता, वाळलेले बांबू एकमेकांत अडकलेले, आणि कोंब आले ते मोजून तीन, तेही अंगठ्याएवढे बारीक. मला वाटलं रोग पडला, युरिया आणूया.

शेजारचे काका आले, बेटाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "भायरची तोडू नको गो, ती पोरां आसत. आतले म्हातारे काढ."

तेव्हा मला हे पहिल्यांदा नीट कळलं. बांबूचा कंद दरवर्षी बाहेरच्या बाजूला सरकतो, म्हणून नवीन बांबू कायम कडेला असतात आणि पुढचे कोंब फुटतात तेसुद्धा ह्याच एक-दोन वर्षांच्या तरण्या बांबूंच्या कंदावरून. आपण सोपं पडतं म्हणून नेमके तेच तोडतो आणि ज्यांच्याकडून आता काही येणार नाही ते मधे ठेवतो. आणि बांबू झाडासारखा वर्षानुवर्षं जाड होत नाही, कोंब जेवढा जाड वर येतो तेवढीच त्याची जाडी, उंचीपण दोन-तीन महिन्यांत पूर्ण होते. म्हणजे कोंब बारीक यायला लागले की समजायचं खाली कंद थकलाय.

मग दिवाळीनंतर कामाला लागलो. पावसात कापायचं नाही, तेव्हा कोंब मोडतात आणि कापलेल्या बांबूला कीडपण लवकर लागते. एका बाजूने आत शिरायला वाट केली, घोड्याच्या नालेसारखी, आणि मधले मेलेले, वाकडे आणि तीन वर्षांवरचे सगळे काढले. वय ओळखायला अवघड नाही, पहिल्या वर्षीचा बांबू हिरवागार, अंगावर पांढरी भुकटी, पेरांना तपकिरी पापुद्रे चिकटलेले, आणि जुना झाला की पिवळट आणि वर शेवाळाचे डाग. कापताना जमिनीलगत पहिल्या-दुसऱ्या पेराच्या बरोबर वर कापायचा, वर पेल्यासारखा अर्धा तुकडा राहिला तर त्यात पाणी साचून खुंट कुजतो. आम्ही करवत वापरली, कोयत्याने खुंट फाटतो.

मे महिन्यात मातीची भर. हे आजोबा दरवर्षी करायचे आणि आम्हाला वाटायचं उगाच करतात. कंद वर वर येत जातो, त्यात आमच्याकडचा पाऊस माती धुवून नेतो आणि मुळं उघडी पडतात. पाच-सहा घमेली शेणखत आणि वर फूटभर माती बुंध्याभोवती ओढली. पाला मात्र जाळू नका प्लीज, बांबूला सिलिका लागते आणि ती त्या पाल्यातूनच परत मातीत जाते, तो तसाच पसरून ठेवायचा.

कोंब यायला लागले की माकडं आणि साळिंदर दोघांवर लक्ष ठेवायला लागतं. आपणपण वास्त्याची, म्हणजे कोवळ्या कोंबांची भाजी खातो म्हणा, पण बेट सावरेपर्यंत मी घरात भाजी बंद ठेवली, आईला ते अजिबात आवडलं नाही.

ह्या पावसात अकरा कोंब आले. दोन माकडांनी मोडले, नऊ उभे आहेत, आणि जाडीला माझ्या मनगटाएवढे. प्रत्येकावर ऑइल पेंटने वर्ष लिहिलंय, आणि काठी मागायला कोणी आला तर आधी तो आकडा वाचायचा, तीन वर्षं झाली नसतील तर कापायचा नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.