फॉलोअर्स किती, हे मी विचारलंच नव्हतं

नवतपा सुरू होता. नागपूरला धंतोलीतल्या आमच्या छोट्याशा प्रकाशनाच्या ऑफिसात कूलरसमोर बसून मी प्रुफं तपासत होते. दुपारी दोनच्या उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक मुलगा जिना चढून आला. कोराडीच्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार. पाण्याचा ग्लास दिला, तर तो तसाच हातात धरून म्हणाला, "मॅडम, आधीच सांगतो, माझे फॉलोअर्स दोनशे दहाच आहेत. चालते का?"

इतक्या वर्षांत कोणी माझ्यासमोर अशी माफी मागत बसलं नव्हतं.

हजारो फॉलोअर्स असल्याशिवाय एजंट, म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणारे मध्यस्थ, लेखकाकडे बघतही नाहीत, असं त्यानं कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं. म्हणून आठ महिने कथा बाजूला. "ड्युटीवरून आलो का रीलच बनवून राहिलो," म्हणाला. आठ महिने! माझ्या पोटात कालवलं.

मी त्याला खुर्ची दिली आणि सांगितलं, की तू ऐकलंस ते अमेरिका-इंग्लंडचं, आणि तेही अर्धंच. तिकडे आरोग्य, पैसा, व्यवसाय अशा विषयांवरच्या पुस्तकाचा प्रस्ताव देताना आपले वाचक कोण, किती, हे लिहावं लागतं. कादंबरीला मात्र एजंट पत्र, सारांश आणि सुरुवातीची पानं मागतो. पुस्तक विकलं गेलं की लेखकाच्या कमाईतून साधारण 15 टक्के घेतो. नुसतं वाचायचे पैसे मागणाऱ्यापासून लांब राहायचं. मराठीत तर एजंट जवळपास नाहीतच, हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे येतं. आपल्याकडे लेखकाला वाचकांसमोर नेणारी जागा म्हणजे दिवाळी अंक. 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही वाट आहे.

ओळख कामाला येत नाही, असं मी म्हणणार नाही. स्पर्धा परीक्षेचं पुस्तक आलं तर मीही विचारते, तुमचे विद्यार्थी किती? पण नुसते फॉलोअर्स बघून आम्ही छापलेल्या एका कवितासंग्रहाचे गठ्ठे अजून मागच्या खोलीत पडून आहेत. लाइक करणारा दुकानात येतोच असं नाही.

मग त्याच्या दोन कथा वाचल्या. पहिली जुनी, रेघांच्या वहीत. आई गच्चीवर कुरडया वाळत घालते, वर जुनं लुगडं पांघरते, तरी संध्याकाळी त्यांवर राख असतेच. ती पुसत नाही. कुरडई मोडेल म्हणून एकेक तळहातावर घेऊन हलकेच फुंकते. मी वहीवरून नजर उचलली नाही. दुसरी कथा रील बनवण्याच्या काळातली. तिच्यात दर परिच्छेदाच्या शेवटी एक धक्का, वाचणारा पळून जाईल की काय, अशी भीती ओळीओळीत.

"फरक दिसतो?" मी विचारलं.

त्यानं दोन्ही शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ बघत बसला. "दिसते, मॅडम."

दिवाळी अंकांचे संपादक याच दिवसांत कथा जमवत असतात. दोघा-तिघांचे पत्ते मी त्याला लिहून दिले. पहिल्या कथेचा शेवट लांबला होता, म्हणून पेन्सिल दिली. तो तिथेच कूलरसमोर बसून काटछाट करू लागला. थोड्या वेळानं वही पुढे करत म्हणाला, "ही कुरडई फुंकायची ओळ काढू का? खूपच साधी वाटून राहिली."

मी त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.