बोंडातला बोर्ग

मोबाइल उभा राहावा म्हणून मी काउंटरवरच्या एका रिकाम्या डब्याला खाच पाडून ठेवली आहे. पेरणीचे दिवस सोडले तर आमच्या कृषी केंद्रात दुपारी कोणी फिरकत नाही. त्या वेळात मी ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानांची इंग्रजी मालिका पाहतो. गिऱ्हाईक आलं की चित्र थांबवतो, आणि नेमका एखादा पांढराफटक, गालातून नळ्या निघालेला, एका डोळ्याच्या जागी यंत्र बसवलेला चेहरा तिथे अडकून राहतो. युरिया मागायला आलेला माणूस युरिया विसरतो.

“भाऊ, याले काय झालं?”

हा बोर्ग, मालिकेतला विलन, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. “मंग याच्यातला सगळ्यात खतरनाक कोन?”

पोराटोरांनी विचारलं, गुरुजींनी विचारलं, एकदा तर उधारी मागायला आलेल्या माणसानेही विचारलं. उभ्या उभ्या मी ‘हाच’ म्हणतो आणि युरियाची गोणी काढायला वळतो. पण ते उत्तर अर्धं आहे. तुम्हीही तोच प्रश्न विचारलात म्हणून उरलेलं अर्धं सांगतो. त्यात माझं दुकानही येतं, म्हणून एरवी टाळतो.

आमचं गाव हिंगणघाटकडचं, कापसाचं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर जुनं स्टार ट्रेक लागायचं, तेव्हा गावात टीव्ही एकच होता आणि आम्ही पोट्टे त्या घरच्या ओसरीत दाटीवाटीने बसायचो. गोष्ट निम्मी डोक्यावरून जायची, पण विलन ओळखायला काही लागत नसे. क्लिंगॉन नावाचे परग्रहावरचे वैरी आले की त्यांच्या भुवयाच सांगायच्या. क्लिंगॉन म्हणजे धुऱ्यावरून भांडणारा शेजारी. काठी घेऊन समोर येतो, काय पाहिजे ते ओरडून सांगतो. असं भांडण कधीतरी मिटतं. 1987 मध्ये नवी मालिका सुरू झाली, तर त्यात वॉर्फ नावाचा क्लिंगॉन चक्क एंटरप्राइझ यानावर अधिकारी!

जुना वैरी घरचा झाला, मग नवा हवा. त्यांनी आधी फेरेंगी आणले: नफ्यासाठी काहीही करणारे, मोठ्या कानांचे व्यापारी. कोणी घाबरलं नाही. उलट लोक हसले, आणि पुढच्या मालिकेत फेरेंगी गुत्ता चालवू लागला. मी स्वतः दुकानदार, त्यामुळे हे जरा लागलं. पण खरं आहे ते. दुकानदाराशी घासाघीस करता येते, आणि घासाघीस करता येते त्याची दहशत बसत नाही.

मग 1989 मध्ये बोर्ग आले. त्यांना तुमचा राग नाही. जमीन नको, सोनं नको. ते सांगतात की तुम्ही आमच्यात सामील व्हाल, तुमचं ज्ञान आमच्यात मिसळेल, विरोध करून उपयोग नाही. झालं. पकडलेल्या माणसाच्या अंगात यंत्रं घुसवतात आणि त्याचा ‘मी’ पुसून टाकतात. उरतं ते ‘आम्ही’. मला मात्र खरा घाम फुटला तो दुसऱ्याच गोष्टीने. बंदूक चालवली की पहिला बोर्ग पडतो. दुसराही कधी पडतो. पुढचा तसाच चालत येतो, कारण पडलेल्याने जे सोसलं ते सगळ्यांना कळलेलं असतं.

तो भाग मी पहिल्यांदा पाहिला 2017 च्या हिवाळ्यात. त्या साली आमच्या भागात काय झालं ते कापूसवाल्याला सांगायला नको. पऱ्हाटी कमरेच्या वर, बोंडं टपोरी, बाहेरून एक डाग नाही. फोडलं की आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली आणि कापसाची कवडी. गुलाबी बोंडअळी लहान असतानाच बोंडात शिरते, मागे भोकही बुजतं. मग वरून कितीही फवारा, ती आत सुखात. मालिकेच्या लेखकांना म्हणे आधी हे शत्रू किड्यांच्या रूपातच दाखवायचे होते, पण टीव्हीच्या खर्चात ते बसेना म्हणून यंत्रमाणसं केली. हे वाचून मी एकटाच दुकानात हसलो.

बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी कापसाला परवानगी मिळाली 2002 मध्ये, आणि दोन जनुकांचं बीजी-2 आलं 2006 मध्ये. पहिली काही वर्षं आमच्याकडे बोंडअळीचं नाव निघेना. मग ती परत आली. आता इथे माझ्या आवडत्या मालिकेची एक चूक काढतो. बोर्ग शिकतो, अळी शिकत नाही. अळी मरते. लाखात एखादी मुळातच न मरणारी असते, ती आणि तिच्यासारखीच दुसरी यांची पिल्लं शेत भरून टाकतात. हे होऊ नये म्हणून बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमचं साध्या कापसाचं पाकीट येत असे. ते चारी बाजूंनी लावायचं. त्यावर साध्या, मरणाऱ्या अळ्या जगू द्यायच्या, म्हणजे त्यांचे पतंग त्या न मरणाऱ्यांशी जुळतील आणि पुढची पिढी बीटीवर पुन्हा मरेल.

आपल्याच वावरात किडीला जेवू घालायचं! कोण लावणार? “आमी काय अळ्या पोसाले बसलो का?” असं म्हणून लोक ती पाकिटं काउंटरवरच सोडून जायचे. मी संध्याकाळी झाडूने गोळा करायचो. एकदाही कोणाला म्हटलं नाही की भाऊ, हे घेऊन जा. पाण्याची सोय असलेल्यांनी फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी उभी ठेवली, अळीला जानेवारीनंतरही ताट वाढलं, आणि त्या फरदडीवरचं औषधही माझ्याच दुकानातून गेलं. बोर्ग एंटरप्राइझच्या कॅप्टन पिकर्डला पकडून लोक्युटस नावाचा बोर्ग बनवतात आणि त्याच्याच डोक्यातली माहिती वापरून 39 यानं नष्ट करतात, तो भाग 1990 चा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. तो मी अजून एका बैठकीत पाहू शकत नाही.

1996 च्या चित्रपटात त्यांनी बोर्गना राणी दिली. मला ते मुळीच आवडलं नाही. राणी बोलते, लाडीगोडी लावते, चिडते. चेहरा दिला की बोलणी करता येतात, म्हणजे पुन्हा फेरेंगीच.

त्यापेक्षा 1992 चा एक साधा भाग पाहा. एक जखमी, पोरसवदा बोर्ग यानावर आणतात. त्याच्या डोक्यात एक घातक कोडं भरून त्याला परत धाडायचं, म्हणजे सगळे बोर्ग आतून कोलमडतील, असा बेत असतो. फवाऱ्याचाच बेत तो. पण यानावरचा इंजिनिअर त्याला ह्यू असं नाव देतो, आणि ‘आम्ही आम्ही’ करणारा तो पोरगा हळूहळू ‘मी’ म्हणायला लागतो. पिकर्ड बेत सोडतो आणि त्याला तसाच परत जाऊ देतो. पुढच्या वर्षी कळतं की तो ‘मी’ त्याच्यासोबतच्या बोर्गांमध्ये पसरला आणि त्यांची घडीच विस्कटली. मी हा भाग पाहत होतो तेव्हा फळीखाली त्या जुन्या पाकिटांची एक थैली पडलेली होती. उंदरांनी फोडलेली.

आता साधं बियाणं बीटीच्या पाकिटातच मिसळून येतं. माणसांना विचारायचं कामच ठेवलं नाही.

गेल्या पावसाळ्यात कपाशी फुलावर आली तेव्हा एक म्हातारबा आले. मोबाइलवर ह्यू थांबलेला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. धोतराच्या सोग्यातून एक मिटलेलं फूल काढून काउंटरवर ठेवलं. पाकळ्या एकमेकींत पिळलेल्या, डोमकळी. नखाने उकलली, आत अळी होतीच, अजून पांढुरकी.

“कोनतं औषद देता?”

“बाबाजी, आज औषध नाही. आधी अशा कळ्या तोडून जाळा. आणि एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग पडले की मग या.”

“औषदाच्या दुकानात औषद नाई म्हनते,” ते माझ्याकडे नीट पाहत म्हणाले. “तब्येत बरी हाय ना तुही?”

मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे ते सापळे सगळ्यात वरच्या फळीवर होते, धुळीत. मी शिडी आणायला आत गेलो. बाहेर आलो तर म्हातारबा मोबाइलसमोर वाकून ह्यूला विचारत होते, “अन् तू कोनाचा रे?”