भाच्याची फाईल आणि माझे सहा महिने

पोराचं पोट रोज पहाटे साडेपाच-सहाला दुखायला लागायचं. सकाळची शाळा, सात वीसची, त्यामुळं सगळ्यांचं एकच मत, बहाणे करतोय. रविवारीही दुखायचं, पण ते तेव्हा कुणीच धरलं नाही, मीसुद्धा नाही.

मी सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे. सरकारी ऑफिसशी माझा संबंध रेशनकार्ड आणि आधारपुरता. गेल्या ऑगस्टमध्ये माझे दाजी गेले. यंत्रमागावर होते, वय ३६. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाला पोराला खांद्यावर घेऊन गेले होते आणि त्यानंतर दहा दिवसांत माणूस नाही. झोपेतच गेले, अटॅक. मागं माझी धाकटी बहीण, चौथीतला भाचा आणि चार वर्षांची भाची. बहीण घरी विड्या वळते, दिवसाला हजाराच्या आसपास, पण त्यानंतर तिनं विड्यांचं सूप हातात घेतलं की नुसती पानाकडं बघत बसायची.

सप्टेंबरभर पोटाच्या मागं पळालो. खाजगीत सोनोग्राफी केली, नॉर्मल. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली, एकानं तर बेंबी सरकलीय म्हणून तेल लावून पोट चोळलं. मग पोरगं रात्री अंथरूण ओलं करायला लागलं आणि वर्गात बोलणं बंद. शाळेतून निरोप आला, पालकांनी येऊन भेटा. बाईंनी स्पष्टच सांगितलं की असं चाललं तर हजेरीचा प्रॉब्लेम होईल, आणि वर वर्गासमोर त्याला उभं करून विचारलं होतं की अरे तुझे पप्पा गेले म्हणून तू कायमचं असंच करणार का. मला हे पोराकडून नाही, त्याच्या मित्राकडून कळलं. रागानं डोकं फिरलं होतं, पण भांडलो असतो तर त्रास पोरालाच झाला असता.

सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या ओपीडीतल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून न बघता आधी विचारलं, घरात काय झालंय का हल्ली. तिथून आम्हाला मानसोपचारच्या ओपीडीला पाठवलं. बहीण रस्त्यातच थांबली, 'माझं पोरगं वेडं नाही' म्हणून. तिला समजवायला अर्धा तास गेला, शेवटी उसाचा रस पाजून नेलं.

आता खरी गोष्ट सांगतो. प्रत्येक खोलीत वेगळा माणूस आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच. वडील काय करतात. नाहीत. कसे गेले? केसपेपरवाला, शिकाऊ डॉक्टर, मोठे डॉक्टर, समुपदेशक मॅडम, नंतर शाळेतले विशेष शिक्षक, नंतर बाल संरक्षणवाले. पोरगं शेजारी उभं आणि बहीण दर वेळी तेच सांगून दर वेळी रडायची. मी बघत होतो, प्रश्न आला की भाचा माझ्या शर्टाच्या शिवणीतला दोरा नखानं उसवायचा. एका दिवशी घरी येऊन बघतो तर डाव्या बाजूची शिवण चार बोटं उघडी. त्या रात्री मी एका पानावर सगळं लिहून काढलं, मराठीत, मोठ्या अक्षरात. पोराचं नाव, वय, शाळा, वडील कधी आणि कसे गेले, पोट कधीपासून दुखतं, कोणते रिपोर्ट झाले, घरी आम्ही तेलुगू बोलतो, आणि खाली लाल पेनानं, 'कृपया हे मुलासमोर विचारू नये.' पंधरा झेरॉक्स काढल्या. कुठंही गेलं की आधी पान द्यायचं, मग बसायचं. कुणाला राग आला असेल तर येऊ दे, पण दहापैकी सात जणांनी तरी वाचलं.

तेलुगूचं मुद्दाम लिहिलं. समुपदेशक मॅडम मराठीत विचारायच्या आणि भाचा मान हलवायचा, त्यांना वाटायचं पोराला शब्दच नाहीत. अरे घरात तो धाकट्या बहिणीशी दिवसभर बडबडतो! मग त्यांनी मला खोलीबाहेर बसवलं आणि एका तेलुगू येणाऱ्या नर्सताईंना मध्ये घेतलं. सोलापुरात अशी माणसं शोधावी लागत नाहीत, फक्त विचारायला पाहिजे.

डॉक्टरांनी पोराला गोळ्या दिल्या नाहीत. बहिणीला मात्र दिल्या, झोप आणि उदासी दोन्हीसाठी, म्हणाले आई सावरली की पोरगं अर्धं सावरेल. पंधरा दिवसांनी एकदा मॅडमकडं बसायचं. शाळेसाठी चिठ्ठी दिली की महिनाभर मधल्या सुट्टीपर्यंतच पाठवा, मग हळूहळू वाढवा, बोलायची जबरदस्ती नको. ती चिठ्ठी घेऊन शाळेत गेलो तर म्हणे असं आमच्यात चालत नाही. दवाखाना म्हणतो शाळेशी बोला, शाळा म्हणते वरून लेखी आणा, आणि मी कारखान्यातून हाफ डे टाकून मधे उभा. शेवटी मॅडमनी स्वतः मुख्याध्यापकांना फोन केला. चार मिनिटं बोलल्या असतील, मी घड्याळ बघितलं होतं. ज्या कामाला मी तीन हाफ डे घालवले ते चार मिनिटांत झालं. बाईंनीही नंतर त्याला खिडकीजवळ बसवलं आणि वाचनाच्या वेळी त्याचा नंबर वगळायला लागल्या, एवढं मान्य करतो.

पैशाचं वेगळंच. बहिणीच्या विड्या बंद, माझ्या पगारात दोन घरं. कुणीतरी सांगितलं १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन कर. मला वाटायचं तो नंबर हरवलेल्या पोरांसाठी असतो. फोन केला तर त्यांनी बाल संगोपन योजना सांगितली, आई किंवा वडील गेलेल्या मुलालाही मिळते, १८ वर्षांपर्यंत, महिन्याला २२५० रुपये, आणि अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत बाल कल्याण समितीपुढं जातो. कागद लागले ते असे की मृत्यू दाखला, तहसीलचा उत्पन्न दाखला, रेशनकार्ड, सगळ्यांचं आधार, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक, आणि घरासमोर आईसोबत मुलाचा फोटो. फोटोवरून बहीण अडली, म्हणाली मी काय चोर आहे का घरासमोर उभं राहून फोटो काढायला. काढला एकदाचा, त्यात तिघंही दुसरीकडंच बघताहेत.

आणि आमची तेलुगू आडनावं! आधारवर एक स्पेलिंग, शाळेत दुसरं, मृत्यू दाखल्यावर तिसरंच. एका 'ल'साठी नोटरीचं प्रतिज्ञापत्र, आधार केंद्रात दोन फेऱ्या. ज्याला कुणाला अर्ज करायचाय त्यानं आधी सगळे कागद शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर जुळवून बघावं, बाकी सगळं नंतर.

मग गृहभेट. गल्लीत बातमी पसरली की सरकारी माणसं पोरं न्यायला येणार, वसतिगृहात टाकणार. बहिणीनं त्या दिवशी दोन्ही पोरांना शेजारी लपवून ठेवलं होतं. आलेल्या ताईंनी चहा घेतला, विड्यांचं सूप बघितलं, त्यांची आईपण विडीच वळायची म्हणाल्या, आणि समजावलं की ही योजनाच यासाठी आहे की पोरगं घरातच राहावं, संस्थेत टाकायची वेळ येऊ नये. मग पोरं बाहेर आली.

समितीची तारीख नेमकी जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत. भाचा सकाळपासून एकच विचारत होता, तिथून होम मैदानावर, यात्रेत जायचं ना. अध्यक्ष आणि सदस्य सगळे एका टेबलाभोवती, कोर्टासारखं काही नाही. मी पान पुढं केलं. एका बाईंनी ते वाचलं, बाजूला ठेवलं आणि पोराला विचारलं, गड्ड्यात आधी पाळण्यात बसणार का मौत का कुआ बघणार. तो म्हणाला, पाळणा. सरकारी टेबलापुढं त्याचा पहिला शब्द. तो मला मंजुरीपेक्षा मोठा वाटला, खोटं कशाला बोलू.

रात्रीचं एक राहिलं. बहिणीला रात्री दोन-दोन वाजता धडधडायचं आणि मला फोन करायची तिला लाज वाटायची. तिला १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर लावून दिला, फुकट आहे, चोवीस तास चालतो, भाषा निवडता येते. तिनं किती वेळा केला ते मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत भाचा पूर्ण वेळ शाळेत जायला लागला. अंथरूण कोरडं. पोट मात्र अधूनमधून, पहाटेच. मॅडमनी मला मागंच विचारलं होतं, पोरगा स्वतःला दोष देतो का, आणि मी ठामपणे नाही म्हणालो होतो. नऊ वर्षाचं पोर कशाला दोष देईल.

मागच्या आठवड्यात नवीन झेरॉक्स काढायच्या होत्या म्हणून पान टेबलावर होतं. भाच्यानं ते वाचलं. पहिल्यांदाच. मग म्हणाला, मामा, यात चूक आहे, डॅडी झोपेत नाही गेले.

त्या दिवशी पाण्याची पाळी होती, बहीण पहाटेच खाली नळावर. हा जागा होता. दाजी उठून बसले, पोटात जळजळतंय म्हणाले, सोडा आण रे. हा दहा रुपये घेऊन कोपऱ्यापर्यंत पळाला, दुकान बंद. पुढच्या चौकात गेला, तेही बंद. परत आला तर डॅडी आडवे झालेले, याला वाटलं झोप लागली, म्हणून आवाज न करता शेजारी पडून राहिला. दहा रुपये अजून त्याच्या कंपासमध्ये आहेत, काढून दाखवले.

एवढ्या टेबलांवर 'मुलासमोर विचारू नये' म्हणून मी चुकीचं पान वाटत फिरलो. मॅडमना त्याच संध्याकाळी फोन केला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या मंगळवारी घेऊन या, आणि तोपर्यंत त्याला एवढंच सांगा की सोडा मिळाला असता तरी अटॅक थांबला नसता, दोनदा सांगा. मी दोनदा सांगितलं. बहिणीला अजून सांगितलेलं नाही, ते मंगळवारी मॅडमसमोरच.

नवीन पान भाचा स्वतः लिहायला बसलाय. तेलुगूत लिहितोस की मराठीत विचारलं तर म्हणाला मराठीत, तेलुगू मला लिहिता कुठं येतं.