किल्ली खिशात, इंजिन चालूच

भर उन्हात घाट चढून आलेली जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी थांबते, मालक किल्ली काढून खिशात टाकतो आणि इंजिन मात्र बॉनेट हलवत चार-पाच सेकंद भडभडत राहतं. बघणाऱ्यांची करमणूक होते, मालकाची नाही.

किल्लीने बंद होते ती फक्त प्लगची ठिणगी. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बोरेटरला विजेशी देणंघेणं नसतं. पिस्टन वर-खाली होतोय तोवर आयडलच्या (गाडी उभी असताना इंजिन मंद चालू ठेवणाऱ्या) बारीक जेटमधून पेट्रोल ओढलं जातंच. पेटवायला मग हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, साचलेला कार्बन, प्लगचं टोक किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड, यांतलं एखादं ठिकाण निखाऱ्यासारखं तापलेलं पुरतं. पण ठिणगीची वेळ ठरलेली, निखाऱ्याला कसली वेळ? एखादा दणका पिस्टन वर येता येताच बसतो, इंजिन क्षणभर उलटंही फिरतं. ती खडखड त्याचीच.

मेकॅनिक लगेच हेड खोलायची भाषा करतो. आधी आयडलिंग बघा. ८०० आरपीएमच्या आसपास हवं तिथे हजार-बाराशे ठेवलेलं असतं, कारण गाडी सिग्नलला बंद पडू नये. थ्रॉटलची झडप तेवढी जास्त उघडी, म्हणजे किल्ली काढल्यावरही हवा-पेट्रोलचा पुरवठा सुरू. आयडलचा स्क्रू थोडा मागे घेतला की निम्म्या तक्रारी मिटतात. नाही मिटल्या तर ठिणगीचं टायमिंग, पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) मिश्रण, चुकीच्या हीट रेंजचे, म्हणजे टोक जास्त तापणारे प्लग, कमी ऑक्टेनचं किंवा रॉकेल मिसळलेलं पेट्रोल. डिकार्बनायझिंग, म्हणजे हेड खोलून कार्बन खरवडणं, सगळ्यात शेवटी.

काही कार्बोरेटरांवर यासाठीच एक छोटा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर सरकणाऱ्या सुईची झडप, असतो. किल्ली फिरवली की ‘टक्’ वाजतो, बंद केली की आयडल जेटचं तोंड दाबून धरतो. तो बिघडला की गाडी आयडलवर उभीच राहत नाही. मग कुणीतरी त्याची सुई कापून टाकतो. आयडलिंग झकास, गिऱ्हाईक खूश, आणि रोग कायमचा घरात! तपासणी सोपी आहे: आयडलवर त्याची वायर काढा, इंजिन ताबडतोब बंद पडलं पाहिजे. नाही पडलं तर सोलेनॉइड नवा घाला.

तोवर घाट चढून आल्यावर मिनिटभर आयडलवर ठेवून मगच बंद करा. तरीही भडभडलीच, तर ब्रेक घट्ट दाबून चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा, गुदमरून थांबते. कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन असलेल्या पेट्रोल गाड्यांना ही खोड नाही. तिथे इंजेक्टरच विजेवर उघडतो.