शेवटच्या माणसाचं घड्याळ

मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, शुक्रवार रात्र

परवा साठीपुढच्या गटाची कोरीगडची सहल. चौदा जणांची यादी पक्की झाली. वयं एकसष्टपासून अठ्ठ्याहत्तरपर्यंत. सतरा आसनी गाडी, पहाटे साडेपाचला पुण्यातून. आज सगळ्यांचे फोन उरकले.

फोनवर "तब्येत कशी आहे?" विचारून काही हाती लागत नाही. उत्तर ठरलेलं असतं, एकदम ठणठणीत. म्हणून प्रश्न नेमके हवेत. गेल्या दोन महिन्यांत एखादी गोळी बदलली का? न थांबता किती मजले चढता? पहाटे उठताना गरगरतं का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? एवढ्यातून जे कळतं ते 'फिट' असं लिहिलेल्या दाखल्यातून कळत नाही. रक्तदाबाची नवी गोळी सुरू होऊन पंधरा दिवसही झाले नसतील, तर या खेपेला थांबा, पुढच्या सपाटीच्या सहलीला या, असं सरळ सांगायचं. माणसं रागावतात. रागावू द्यावं.

लघवी वाढवणाऱ्या गोळीचा घोळ तर दरवेळचा. "वाटेत कुठे जायचं?" म्हणून ती परस्पर बुडवली जाते. बायका त्याच धास्तीने आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. मग दहाच्या सुमारास पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं जड होतं, आणि दोष उन्हाला जातो. पाणी प्या पाणी प्या असं घोकून यात फरक पडत नाही. थांबे आधी सांगितले की पडतो: लोणावळ्यात एकदा, पायथ्याच्या गावात एकदा, गडावर पोचल्यावर एकदा. उघड्यावर जायची वेळ आली तर बायकांसोबत एक बाई आणि आडोशाला दोन मोठ्या छत्र्या. पुढची सोय कुठे आहे हे ठाऊक असलं की माणूस न सांगता पाणी पितो. गोळीची वेळ पुढेमागे करायची असेल तर ती ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायची, आपण नाही.

आता बूट. चार-पाच वर्षं माळ्यावर पडलेला चांगल्या कंपनीचा बूट हा साध्या कॅनव्हासच्या बुटापेक्षा धोक्याचा. तळव्याच्या मधला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणाने आतून भुसभुशीत होतो. वरून काही दिसत नाही, तळाची नक्षीसुद्धा नवी असते. चालायला लागलं की पहिल्या तासा-दोन तासांत टाचेकडून तळ सुटतो आणि जिभेसारखा लोंबायला लागतो. दोन्ही बूट एकाच वयाचे, त्यामुळे दुसराही फार मागे राहत नाही. तपासायची पद्धत सोपी: बूट हातात धरून पुढचा भाग टाचेकडे जोरात वाकवायचा, आणि बाजूच्या थरावर अंगठ्याचं नख दाबायचं. बारीक भेगा दिसल्या, किंवा नखाखाली भुगा आला, तर तो बूट टाकून द्यायचा. त्याला डिंक लावून उपयोग नसतो, कारण सुटतो तो डिंक नसतो, थरच विरलेला असतो. वाटेतच सुटला तर चवड्याखालून एक आणि कमानीखालून एक असे नायलॉनच्या दोरीचे दोन वेढे, वर कापडी चिकटपट्टी. एवढ्यावर दोन-तीन किलोमीटर निघतात. तीन मीटर दोरी सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवली आहे.

पायाची नखं आजच कापा, हेही प्रत्येकाला सांगितलं. आदल्या रात्री घाईत खोल कापलेलं नख उतरताना बुटाच्या पुढच्या भागावर आपटत राहतं, आणि मधुमेह असेल तर ती जखम महिनाभर पुरते.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, रविवार रात्र

सगळे घरी पोचल्याचे फोन आले. ताजं आहे तोवर लिहून ठेवणं बरं.

वेळेचं गणित पुन्हा एकदा बरोबर आलं. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशेब बहुतेक ठिकाणी वापरतात: तासाला ५ किलोमीटर, शिवाय चढाच्या दर ६०० मीटरला एक तास जास्त. तो हिशेब दमदार चालीच्या माणसांचा, आणि त्यात उताराला वेगळा वेळच नाही. साठीपुढच्या गटाला आम्ही सपाटीवर तासाला ३ किलोमीटर धरतो, दर ३०० मीटर चढाला एक तास, आणि उतरायला चढण्याइतकाच वेळ. शेवटची ओळ पाळली नाही की सगळी सहल कोलमडते. 'चढलो तासात, उतरू अर्ध्या तासात' असं धरून चालणाऱ्या गटात माणसं दुपारी एकच्या उन्हात घाईने उतरतात आणि तिथेच घसरतात.

कोरीगड या वयाला फार चांगला. पेठ शहापूरहून वर जाईपर्यंत बऱ्याच वाटेला पायऱ्या आहेत, ९२३ मीटर ही उंची समुद्रसपाटीपासूनची, त्यामुळे प्रत्यक्ष चढ थोडका. माथा सपाट, दोन तळी, कोराईदेवीचं देऊळ, तोफा, आणि जवळपास अखंड राहिलेला तट. तरुण मुलं अर्ध्या तासात वर जातात, आम्ही सव्वा तास धरतो. तटाच्या फेरीला दीड तास. वारा असेल तर तटावरून न चालता आतल्या बाजूने.

रांगेबद्दल. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला आघाडीच्या माणसाच्या लगेच मागे, दुसऱ्या नंबरावर ठेवायचं. तो मागे राहिला की काय होतं ते कुठल्याही गटात बघावं: पुढचे दहा मिनिटं बसून ताजेतवाने होतात, हा धापा टाकत येऊन टेकतो न टेकतो तोच पुढचे "चला" म्हणून उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज त्याला ती मुळीच मिळत नाही, आणि दिवसभर हेच चालतं. म्हणून विश्रांतीचं घड्याळ शेवटचा माणूस बसून पाणी प्यायल्यावर सुरू करायचं. त्याची पाच मिनिटं पूर्ण व्हायला हवीत. बाकीच्यांची पंधरा झाली तरी चालेल. पिछाडीचा माणूस अनुभवी हवा, आणि त्याच्या मागे कोणीही, अगदी फोटोसाठीही, थांबता कामा नये. मोजणी डोकी मोजून नको. प्रत्येकाला आकडा द्यायचा आणि ज्याने त्याने मोठ्याने म्हणायचा. डोकी मोजताना वाटेत भेटलेला दुसऱ्या गटातला माणूसही आपल्यात धरला जातो.

दम किती लागलाय हे नाडीवरून ठरवू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत, त्यामुळे २२० वजा वय हे सूत्र इथे फसतं. एक अख्खं वाक्य मध्ये श्वास न घेता बोलता येतंय का, एवढं पाहायचं. शब्द तुटायला लागले की आघाडीने पाऊल आखूड करायचं, काही न बोलता. बोललं की तो माणूस लाजून उलट जोर लावतो. छातीवर ओझं, जबड्यात किंवा हातात दुखणं, न पेलणारा दम, यातलं काही दिसलं तर "अ‍ॅसिडिटी आहे" या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. मधुमेह्याच्या छातीत दुखतंच असं नाही. नुसता घाम आणि अचानक गळाठा येतो. आहे तिथे बसवायचं, चालवत खाली आणायचं नाही, आणि १०८ लावायचा. म्हणूनच मोबाईलची रेंज कुठल्या वळणावर येते ते जातानाच वहीत टिपलेलं असावं.

साखर उतरण्याची खूण बहुतेक वेळा स्वभावात दिसते: शांत माणूस चिडचिड करतो, प्रश्नाला भलतंच उत्तर देतो, हात थरथरतात. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटं बसवणं, पुन्हा साखर मोजणं. सगळे प्रेमाने चिक्की नाहीतर दाण्याचा लाडू पुढे करतात. ते नंतर. दाण्यातल्या तेलामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. क्षारांच्या पुडीचंही तसंच: एक लिटरची पुडी एक लिटरातच. ग्लासभर पाण्यात अख्खी पुडी घोळली तर तहान वाढते आणि पोट बिघडतं.

उतार. इथे चष्म्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याची खालची पट्टी वाचण्यासाठी असते. पायरी उतरताना नजर नेमकी त्याच पट्टीतून जाते, पायरीची कड पुसट होते आणि पाऊल दोन बोटं आधी किंवा नंतर पडतं. चढताना हा त्रास फारसा जाणवत नाही, म्हणून कारण लक्षात येत नाही. गुडघ्याला बोल लावला जातो. उपाय दोन: उतरण्यापुरता नुसता लांबचा चष्मा, नाहीतर हनुवटी छातीकडे नेऊन वरच्या काचेतून पायरी बघायची सवय.

काठ्या दोन असाव्यात. चढाला कोपर काटकोनात येईल इतकी लांबी, उताराला पाच ते दहा सेंटीमीटर जास्त. काठीचा पेच ढिला असेल तर भार पडताच ती आत सरकते, आणि ती नेमकी उतारावरच सरकते. गाडीतून उतरल्या उतरल्या प्रत्येकाने काठीवर अंगाचा भार टाकून बघायचं. खडकाळ जागी मनगटाचा पट्टा काढून टाकायचा, नाहीतर पडताना हात मोकळा होत नाही. पायरी उंच असेल तर आडवं होऊन, आधी काठ्या खाली, मग एक पाय, मग दुसरा त्याच पायरीवर. घसाऱ्यावर सरळ बसून उतरलं तरी हरकत नाही. आघाडीच्या माणसाने पहिलं बसावं, म्हणजे बाकीच्यांना संकोच वाटत नाही.

जेवण खाली उतरल्यावर. गडावर पोटभर पिठलं-भाकरी खाऊन लगेच उतरायला लागलं की या वयात रक्तदाब खाली येतो, उठताच अंधारी येते. वर फक्त दशमी, खजूर, एखादं केळं.

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, मंगळवार

जंगलातल्या सहलीचं थोडक्यात. कर्नाळ्याला गाडी ठरवायची गरज नाही, पनवेल-पेण रस्त्यावर एसटी दारात सोडते. पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत, पासष्टपुढे अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं. वयाचा सरकारी पुरावा जवळ हवा, तो विसरला की कंडक्टरशी वाद. परतीचं गणित शेवटच्या गाडीवर कधीच बांधू नये. शेवटून दुसरी धरावी.

कर्नाळ्याच्या सुळक्याला आग्या मोहोळं असतात. अत्तर, सुगंधी तेल, सुळक्याखाली धूर किंवा आरडाओरडा, यातलं काहीही नको. माश्या उठल्याच तर तोंड-डोकं ओढणीने झाकून, हात न झटकता, आल्या वाटेने शक्य तितक्या लवकर झाडीत. आमच्या मते साठीपुढच्या गटाने सुळक्याच्या पायथ्याशी न रेंगाळता जंगलातल्या वाटाच फिराव्यात. पक्षीही तिथेच दिसतात.

मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी, रविवार

आज अलिबागच्या कुलाबा किल्ल्याची तारीख काढली. किल्ला समुद्रात, चालत जायचं तर ओहोटीलाच; म्हणून इथे कॅलेंडरवर आधी तिथी बघायची, मग रविवार.

कोकणातला जुना हिशेब: तिथीला तिनाने गुणून चाराने भागलं की भरतीची वेळ. आज द्वादशी, म्हणजे नऊची भरती, तीनची ओहोटी. ऐन दुपार, बाद. अष्टमीला सहाची भरती, बाराची ओहोटी; पण तो भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी असतो तो दिवस; पाणी पुरतं मागे हटत नाही, वयस्कर माणसांना गुडघाभर पाण्यातून शेवाळी खडकावर चालवणं नको. पुढच्या रविवारी वद्य पंचमी येते: पावणेचारची भरती, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या आसपास ओहोटी. हा दिवस जमतो. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून छापील तक्त्याशी ताडायचा आणि किनाऱ्यावर पोचल्यावर घोडागाडीवाल्यांना विचारायचं.

फसगत होते ती पाणी वळल्यानंतरच्या तासात. भरती लागल्यावर पहिल्या तासात एकूण चढाच्या जेमतेम बाराव्या हिश्श्याइतकं पाणी चढतं, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, तिसऱ्या-चौथ्यात तिप्पट. पहिला तास बघून माणूस निर्धास्त होतो, देवळाशी बसून डबा सोडतो, आणि निघेपर्यंत मधला सखल पट्टा भरलेला असतो.

त्यामुळे साडेआठला वाळूत पाय, नऊला किल्ल्याच्या दारात, दहाला शेवटचा माणूस दाराबाहेर. डबा किनाऱ्यावर परत आल्यावर. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना जाताना चालत, येताना घोडागाडी. बूट भिजणारच, गाडीत प्रत्येकाचे कोरडे मोजे आणि एक टॉवेल. उद्या गाडीवाल्याला पहाटे साडेचारची वेळ सांगायची.