आमची वाटचाल : बलकांवावरून कुंडईला

गोव्यातल्या डिचोलीच्या घराच्या बलकांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, एक टेबल, सोल्डरिंग आयर्न आणि फिजिओथेरपीवाल्यांची बंद पडलेली यंत्रे. सुरुवातीला धंदा एवढाच. पावसाळ्यात कामाला तोटा नसे. दमट हवेने यंत्रांच्या पीसीबीवर, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीवर, हिरवे कीट चढायचे आणि चवथीपर्यंत दुरुस्तीची रांग लागायची.

त्यातच आयन्टोफोरेसिसच्या, म्हणजे विजेच्या प्रवाहाने औषध त्वचेतून आत ढकलणाऱ्या, यंत्राने वेड लावले. त्वचेचा सर्वांत वरचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा, पण राखणदार पक्का. साधारण 500 डाल्टनहून (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचे माप) मोठ्या रेणूला तो सहसा आत घेत नाही आणि विद्युतभार असलेल्यांची तर तिथे डाळच शिजत नाही. हे यंत्र त्या भाराचाच उपयोग करते. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून ऋण भाराचे औषध ऋण इलेक्ट्रोडखाली ठेवून काही मिलीअँपिअरचा डीसी प्रवाह सोडायचा.

पहिली पाच यंत्रे आम्ही बनवली आणि तिथेच आपटलो. एकात तांबडी-काळी वायर आतून उलटी जोडली गेली होती. डिस्प्ले बरोबर, करंट बरोबर, कातडीला मुंग्याही बरोबर. औषध मात्र आत जायचे सोडून इलेक्ट्रोडकडेच ओढले जात होते! तीन आठवड्यांनी फिजिओथेरपिस्ट बाईंचा फोन आला, "भाऊ, यंत्र छान चालतं हो, पण कोपराला गुण काही येत नाही." चूक सर्वस्वी माझी. पाचही यंत्रे परत आणली.

तेव्हापासून दोन्ही प्लग वेगळ्या आकाराचे. शिवाय प्रत्येक यंत्राची टोके मिठाच्या पाण्यात बुडवतो. ऋण टोकाशी बुडबुडे जास्त दिसले तरच ते खोक्यात जाते.

आज जास्त खपतात ते तळहातांच्या घामासाठीचे ट्रे. त्यात औषध नाहीच, नुसते नळाचे पाणी आणि करंट, तोही डॉक्टरांच्या सल्ल्याने. पेसमेकर असेल तर मुळीच नाही. (गोव्यात घाम जास्त कुणाला हे ठरवायचे कसे, हा प्रश्न वेगळा!) ब्यूटी पार्लरवाले 'व्हिटॅमिन आत घालणारे' अल्ट्रासाउंड मागतात, त्यांना नाही म्हणतो. कमी फ्रीक्वेन्सीचा, 20 किलोहर्ट्झच्या आसपासचा ध्वनी त्वचेत खरोखर वाटा पाडतो, पण तो पार्लरात खेळायचा प्रकार नव्हे. त्वचेतून औषध देणाऱ्या सूक्ष्म सुयांच्या पट्ट्या बनवायला निर्जंतुक खोली लागते. ते आमच्या खिशाबाहेरचे.

आता कुंडईला छोटी शेड आहे, सहा माणसे आहेत. मिठाच्या पाण्याचा वाडगा अजून तोच. घरातून म्हणतात, तो आमटीचा आहे, परत आणा.