सांगलीची लॅब, मिरजेचं हॉस्पिटल आणि मधले आकडे
सांगलीतल्या लॅबचा रिपोर्ट मिरजेच्या हॉस्पिटलात पीडीएफ म्हणून पोचला, तर तिथल्या सॉफ्टवेअरला त्यातले आकडे थेट वापरता येत नाहीत. त्यासाठी प्रत्येक तपासणीला लॉइंक कोड (लॅब तपासण्या ओळखण्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) हवा: उपाशीपोटीच्या साखरेला १५५८-६, वेळ न ठरवलेल्या साखरेला २३४५-७. सगळ्यांना १५५८-६ लावला की जेवणानंतरची १६० उपाशीपोटीची ठरते आणि औषध विनाकारण वाढू शकतं. मला ही चूक सर्वांत घातक वाटते.

एककही पाठवाच. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम तपासणारी चाचणी) १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर. वेळ नमुना घेतल्याची लिहा, रिपोर्ट छापल्याची नव्हे.

आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाच्या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, १४ अंकी. एक्सेलमध्ये तो मजकूर म्हणूनच ठेवा, नाहीतर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) करताना शेवटचे अंक जातात.